स्कीइंगचे फोटो काढायचेत? गुलमर्गला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पहिल्या वर्षी गुलमर्गहून परतलो तेव्हा कार्डात नऊशेच्या वर फोटो होते. त्यातले घरच्यांना दाखवण्याजोगे अकरा. बाकीच्यांत बर्फ सिमेंटच्या रंगाचा, माणसं काळ्या ठिपक्यांएवढी, आणि उतार इतका सपाट की आई म्हणाली, "एवढ्याशा उतारावर पडलास होय रे?" काही फोटो तर नुसते माझ्याच हातमोज्याचे. सह्याद्रीत पंधरा पावसाळे कॅमेरा घेऊन भटकलोय, बर्फात असं काय वेगळं असणार, हा माज चार दिवसांत उतरला.

त्यानंतर आणखी दोन हिवाळे गेलो. जे हाताला लागलं ते क्रमाने लिहितोय. तुम्ही स्कीइंग नुकतंच शिकताय किंवा शिकायला निघालाय, आणि हातात मोबाइल किंवा साधा मिररलेस कॅमेरा आहे, असं धरून चाललोय.

पहिल्याच दिवशी आमचे इन्स्ट्रक्टर मला म्हणाले होते, "साब, या तो स्की करो, या फोटो खींचो." तेव्हा ते वाक्य खटकलं होतं. आता वाटतं, मला तेवढंच कळायला हवं होतं. घसरता घसरता फोटो निघत नाही. आधी स्की, मग थांबणं, मग फोटो. पुढच्या बहुतेक सूचना त्या थांबण्याबद्दलच्याच आहेत.

१. निघण्यापूर्वी: कागद आणि बॅग

सोबत काय हवं:

- फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र, मूळ प्रत. गोंडोलाची, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या केबल कारची, तिकिटं आधी ऑनलाइन काढावी लागतात. गर्दीच्या दिवसांत ती लवकर संपतात, म्हणून हॉटेलच्या आधी तिकिटं बघा.
- पोस्टपेड सिम. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. श्रीनगरला उतरल्यावर "नेटवर्क का येत नाही" म्हणत फोन बंद-चालू करणारी माणसं दर विमानात असतात.
- प्रवास विमा घेत असाल तर स्कीइंग त्यात धरलंय की वगळलंय ते वाचा. साहसी खेळ वगळणाऱ्या पॉलिसी पुष्कळ आहेत.
- जादा बॅटऱ्या, किमान दोन. त्या आणि पॉवर बँक केबिन बॅगेतच ठेवायच्या, चेक-इनच्या सामानात लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या चालत नाहीत.
- मोठ्या झिपलॉक पिशव्या. पावसाळी ट्रेकच्या असतीलच घरात. कॅमेरा लेन्ससकट मावेल एवढी एक तरी हवी.
- हवेचा रबरी ब्लोअर, मऊ ब्रश, दोन-तीन मायक्रोफायबर कपडे.
- दोन थरांचे हातमोजे: आत पातळ, टचस्क्रीनवर चालणारे, आणि वर जाड. जाड मोज्यांना मनगटाची दोरी हवीच. नसेल तर इलॅस्टिक शिवून घ्या. काढून मांडीवर ठेवलेला माझा मोजा माझ्या डोळ्यांदेखत, माझ्यापेक्षा उत्तम स्की करत, खाली निघून गेला.
- एकच झूम लेन्स. २४-१०५ मिमी किंवा तिच्या जवळपासची कोणतीही. उघड्यावर लेन्स बदलायच्या भानगडीत पडू नका, उडणारा बर्फ आत जातो आणि आतच वितळतो.

ड्रोन घरी ठेवा. नियंत्रण रेषा इथून जवळ आहे आणि परवानगीशिवाय ड्रोन उडवणं म्हणजे सुट्टी पोलीस चौकीत घालवणं. श्रीनगरचा विमानतळ हवाई दलाचा तळही आहे, तिथे फोटो काढायचे नाहीत. गुलमर्गमध्ये लष्कराचं उंचावरच्या युद्धाचं प्रशिक्षण देणारं केंद्रही आहे. गणवेशातली माणसं ओळीने स्की करताना दिसतात आणि मोह होतो. आवरा.

२. पहिले तीन दिवस कॅमेरा खोलीत

हे कुणी ऐकत नाही, मीही ऐकलं नव्हतं. पहिले दिवस स्नोप्लाउ शिकण्यात जातात, म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणून मागची फाकवायची आणि वेग मारायचा. दिवसातून वीस-पंचवीस वेळा पडणं ठरलेलं. दुसऱ्या दिवशी मी गळ्यात कॅमेरा अडकवून पुढच्या बाजूला पडलो. लेन्सचं हुड तुटलं आणि बरगडीवर कॅमेऱ्याच्या आकाराचा निळा डाग दहा दिवस राहिला. हुड गेलं ते बरंच झालं, ते नसतं तर काच गेली असती.

ठरवलेल्या जागी थांबता यायला लागलं की मग कॅमेरा बाहेर काढा. तोवर मोबाइल, तोही जॅकेटच्या चेन असलेल्या आतल्या खिशात. पुढे कॅमेरा नेताना तो पाठीवरच्या सॅकमध्ये, टॉवेलात किंवा जॅकेटात गुंडाळून, सॅकचा छातीचा आणि कमरेचा पट्टा आवळून. गळ्यात कधीच नाही. आणि सॅक घेऊन उतारावरच्या लिफ्टच्या खुर्चीवर बसताना ती पुढे पोटावर घ्यायची, लोंबणारे पट्टे आत खोचायचे.

३. कुठे आणि किती वाजता

गुलमर्ग साधारण २६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला नेतो आणि दुसरा अफरवट शिखराच्या खांद्यावर, सुमारे ३९५० मीटरवर. उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे खाली उणे ५ असेल तर वरच्या स्टेशनवर उणे १३ आणि वर वारा. बॅटरीचा हिशेब खालच्या हवेवर करू नका.

आता प्रकाशाचं. अफरवटची रांग गुलमर्गच्या नैऋत्येला आहे. त्यामुळे गावाकडे तोंड केलेल्या उतारांवर ऊन सकाळी असतं आणि दुपार कलली की सूर्य धारेमागे जातो. मग सगळा उतार निळसर सावलीत बुडतो. आपल्याकडे संध्याकाळच्या सोनेरी उन्हाची वाट बघायची सवय, इथे ती वाट बघत मी पहिली पूर्ण संध्याकाळ फुकट घालवली. तुमचे फोटो सकाळी, पहिल्या फेरीतले. बर्फावर तेव्हा इतरांच्या रेघाही कमी असतात, आणि खालच्या मैदानात स्लेजवाले आणि पर्यटकांची जत्रा दहाच्या पुढे भरते.

हवा स्वच्छ असेल तर कोंगडोरीवरून उत्तरेला नंगा पर्वत दिसतो, ८१२६ मीटरचा. तिकडे तोंड करून उभे राहिलात की सकाळचं ऊन उजवीकडून येतं, बर्फाच्या घड्या उठून दिसतात. ढगाळ दिवशी उलट. तेव्हा उघड्या उतारावर जमीन कुठे आणि आकाश कुठे तेच कळत नाही, ना डोळ्यांना, ना कॅमेऱ्याला. अशा दिवशी खाली झाडांत जा. फर आणि पाइनचे काळसर खोड-फांद्या बर्फाला आकार देतात, आणि स्की करणाऱ्यालाही खालचा खड्डा दिसतो. हिमवर्षाव चालू असताना झाडांतले फोटो माझ्या सगळ्या उन्हातल्या फोटोंपेक्षा बरे आलेत, हे माझं मत.

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना 'चिल्लई कलां' म्हणतात, कडाक्याच्या थंडीचा काळ. बर्फ भुसभुशीत हवा असेल तर जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी. ऊन जास्त आणि थंडी सोसण्याजोगी हवी असेल तर मार्चची सुरुवात.

४. बर्फ पांढरा दिसायला हवा

सगळ्यात जास्त फोटो इथे वाया जातात, म्हणून जरा सविस्तर.

कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला समोर बर्फ आहे की डांबरी रस्ता, हे कळत नाही. जे दिसेल ते सरासरी मध्यम करड्या रंगाचं असणार असं धरून तो प्रकाश ठरवतो. आता ताजा बर्फ त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी जवळजवळ ८० टक्के परत फेकतो. मीटर म्हणतो, "बाप रे, फार उजेड!" आणि फोटो काळवंडून टाकतो. बर्फ करडा, आणि माणसाचा चेहरा तर आधीच गॉगल-हेल्मेटच्या सावलीत, तो पार काळा.

उपाय: एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन वाढवा. कॅमेऱ्यावर + आणि - असं चिन्ह असलेलं बटण किंवा चकती असते. उन्हातल्या बर्फावर +१ पासून सुरू करा. चौकटीत जवळजवळ सगळा बर्फच असेल तर +१.७ किंवा +२ पर्यंत जा. झाडं, खडक, माणूस मोठा असेल तर +०.७ सुद्धा पुरतं.

मग हिस्टोग्राम बघा, म्हणजे स्क्रीनवर येणारा उजेडाचा आलेख: डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं. बर्फाचा डोंगर उजव्या भिंतीच्या जवळ असावा, पण भिंतीला चिकटून कापलेला नसावा. चिकटला तर तिथली बर्फाची पोतच गेली, ती नंतर संगणकावर परत येत नाही. स्क्रीनवरचा फोटो बघून ठरवू नका. बर्फाच्या चकचकाटात स्क्रीन अंधारी दिसते, आणि तुम्ही गॉगल घातलेला असतो. मी एकदा नारिंगी काचेच्या गॉगलमधून दिवसभर "रंग किती छान येतायत" म्हणत होतो.

मोबाइलवर: स्क्रीनवर बर्फावर बोट दाबून धरा, फोकस-एक्स्पोजर लॉक होतं. मग बाजूला येणारा सूर्याचा आयकॉन किंवा पट्टी वर सरकवा, बर्फ डोळ्याला दिसतो तेवढा उजळ होईपर्यंत. दोन सेकंदांचं काम आहे आणि निम्मे फोटो इथेच सुधारतात.

सावलीतला बर्फ निळा का येतो, हे मला बऱ्याच जणांनी विचारलंय. सावलीत थेट ऊन नसतं, तिथे उजेड येतो तो निळ्या आकाशाचा. म्हणजे तो खरंच निळा असतो, आपले डोळे सवयीने त्याला पांढरा म्हणतात. थोडा निळेपणा राहू द्या, थंडी त्यातूनच दिसते. पण कॅमेऱ्यात रॉ फाइल (कॅमेऱ्याने स्वतः रंग न ठरवता ठेवलेली कच्ची फाइल) चालू ठेवा, म्हणजे घरी येऊन हवा तेवढा कमी करता येतो.

आकाश गडद करणारा पोलरायझर फिल्टर लेन्सवर लावणार असाल तर अर्धाच फिरवा. इतक्या उंचीवर आकाश मुळात गडद असतं, पूर्ण फिरवलं तर दिवसा रात्र झाल्यासारखं काळं होतं.

५. शटर आणि फोकस

साधा हिशेब. स्की करणारा ताशी ३६ किलोमीटरने येतोय, म्हणजे सेकंदाला १० मीटर. शटर १/२५० सेकंद ठेवलंत तर तेवढ्या वेळात तो ४ सेंटिमीटर सरकतो, चेहरा पुसल्यासारखा येतो. १/१००० ला एक सेंटिमीटर, १/२००० ला अर्धा. वळणावर उडणाऱ्या बर्फाचा कण न् कण हवा असेल तर १/१६०० च्या खाली येऊ नका. बर्फावर उजेड भरपूर असतो, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता, फार वाढवावाही लागत नाही. तुमचा मित्र अजून स्नोप्लाउमध्येच असेल तर १/५०० भरपूर झालं, त्याला उगाच रेसर समजू नका.

फोकस कंटिन्युअसवर (हलत्या माणसामागे फोकस सतत बदलत राहतो) आणि बर्स्ट (बटण दाबून धरलं की सलग फोटो) चालू. सरळ अंगावर येणाऱ्या माणसावर फोकस चुकतोच, मग असं करा: तो जिथे वळणार त्या जागी बर्फात स्कीचा पोल (हातातली काठी) आडवा टाका, त्यावर फोकस करून ठेवा, पोल उचला, आणि तो तिथे आला की बटण दाबा. जुनी युक्ती आहे, पण स्वस्त कॅमेऱ्यालाही चालते.

६. थांबायचं कुठे, ठरवायचं काय

मित्राला "ये रे तू, मी काढतो" असं सांगून काही होत नाही. तो भलतीकडूनच येतो. आधी दोघांनी वर उभं राहून ठरवा: त्या वाकड्या झाडाच्या अलीकडे डावं वळण घ्यायचं, माझ्यापासून पाच मीटर लांबून जायचं. मग तुम्ही आधी खाली जा, जागा घ्या, पोल वर करून खूण करा. त्याने तुमची खूण दिसल्याशिवाय सुटायचं नाही. पाच मीटर म्हणजे पाच मीटर, नवशिक्याला पाचाऐवजी दहा सांगा.

जागा घेताना:

- उताराच्या कडेला उभं राहा, मध्ये नाही. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे स्कीइंग करणाऱ्यांसाठी दहा नियम आहेत. अरुंद जागी किंवा वरून दिसणार नाही अशा ठिकाणी थांबू नये, हा त्यातलाच एक. उंचवट्याच्या लगेच खाली वाकून "काय अँगल आहे" म्हणणारा फोटोग्राफर वरून येणाऱ्याला दिसतच नाही.
- स्की उताराला अगदी आडव्या, वरच्या कडा बर्फात रोवलेल्या. पोल वरच्या बाजूला खोचून ठेवा.
- स्की काढल्याच तर त्याही आडव्या खोचा. उताराच्या दिशेने ठेवलेल्या स्कीचं काय होतं ते माझ्या मोज्याला विचारा.
- पुन्हा निघताना आधी वर बघा. कॅमेरा आत टाकून सॅक लावण्याच्या नादात हेच राहून जातं.

७. उतार उतारासारखा दिसावा

आईच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला दुसऱ्या वर्षी सापडलं. सरळ खालून वर किंवा वरून खाली फोटो काढला की उतार चपटा होतो. उताराच्या बाजूला जाऊन काढा, म्हणजे त्याची तिरपी रेघच चौकटीत येते. आणि एखादं झाड किंवा गोंडोलाचा खांब चौकटीत घ्या. झाड सरळ उभं वाढतं, त्याच्याशी तुलना होऊन उतार किती तिरका ते डोळ्याला लगेच कळतं. कॅमेरा मात्र आडवा सरळ ठेवा. उतार जास्त दिसावा म्हणून कॅमेरा वाकडा करणाऱ्यांचे फोटो मागच्या कलत्या झाडांवरून ओळखू येतात.

गुडघ्यावर बसा, कॅमेरा बर्फालगत आणा. उडालेला बर्फ मग आकाशासमोर दिसतो, बर्फावर बर्फ दिसत नाही. सूर्य समोरच्या तिरक्या बाजूला असेल तर ते कण पेटतात. लेन्सवर टोपी धरून ऊन अडवा.

कपड्यांचा रंगही बघा. लाल, पिवळं, नारिंगी जॅकेट चौकट उचलतं. पांढरं जॅकेट घेऊन येणाऱ्या मैत्रिणीला आधीच सांगा, दुकानात ते कितीही छान दिसो. स्की करणाऱ्याच्या पुढे चौकटीत जागा सोडा, त्याला जायला वाट हवी.

ॲक्शन कॅमेरा हेल्मेटपेक्षा छातीवर बरा. हेल्मेटवरून नुसता उतार येतो, छातीवरून गुडघे आणि स्कीची टोकं येतात, मग वेग कळतो.

८. थंडी, बॅटरी आणि बुखारी

थंडीत बॅटरी मरत नाही, झोपते. साठ टक्के दाखवणारा मोबाइल वर काढला की दोन मिनिटांत बंद पडतो. खिशात गरम केला की तीस-चाळीस टक्के परत. म्हणून एक बॅटरी कॅमेऱ्यात, दुसरी आतल्या शर्टाच्या खिशात अंगालगत, आणि दर तासाने अदलाबदल. संपलेली फेकल्यासारखी सॅकमध्ये टाकू नका, ती गरम झाली की अजून वीस फोटो देते.

लेन्सवर बर्फ बसला तर तोंडाने फुंकू नका. श्वासातली वाफ काचेवर गोठते आणि मग खरवडावीशी वाटते. ब्लोअर, मग ब्रश, मग कपडा, याच क्रमाने.

आता सगळ्यात महागात पडलेली चूक. दिवसभर उणे दहात फिरून संध्याकाळी हॉटेलवर आलो. खोलीत बुखारी पेटलेली, म्हणजे लाकडावर चालणारी, धुराडं असलेली लोखंडी शेगडी. हात शेकले, कॅमेराही प्रेमाने तिच्याशेजारी ठेवला. पाच मिनिटांत त्याला घाम फुटला, बाहेरून आणि लेन्सच्या आतूनही. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर थेंब येतात तेच. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आतलं धुकं गेलं नाही, आणि नेमकं त्या सकाळी नंगा पर्वत लख्ख दिसत होता.

तर असं करा. दाराबाहेर, थंडीतच, कॅमेऱ्यातून कार्ड आणि बॅटरी काढून घ्या, म्हणजे रात्री पिशवी उघडायचा मोह होणार नाही. कॅमेरा झिपलॉकमध्ये घाला, हवा दाबून काढा, बंद करा. मगच आत या. पिशवी बुखारीपासून लांब, दाराजवळच्या कोपऱ्यात. पाणी पिशवीच्या बाहेरून जमेल, जमू द्या. दोन तास हात लावू नका, तोवर कहवा प्या. चहा प्यायला दहा मिनिटं कुठे आत शिरलात तर कॅमेरा सॅकमध्ये बंदच ठेवा. फेरनात, म्हणजे सैल काश्मिरी झग्यात, कांगडी (निखाऱ्यांची टोपली) घेऊन बसलेल्या काकांनी "लाओ, इधर गरम करो" म्हटलं तर आभार माना आणि तुमचे हात पुढे करा.

९. दुसऱ्या टप्प्यावर जायचं असेल तर

नवशिक्यांना फोटोसाठी तिथे स्की घेऊन जायची गरज नाही, नुसतं गोंडोलाने वर जाऊन परत या. अफरवटवरचे उतार बहुतांशी मशीनने सारखे केलेले नसतात, आणि हिमस्खलन तिथे पुस्तकातली गोष्ट नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश स्कीपटू तिथेच हिमस्खलनात दगावले.

चांगलं येत असेल तर स्थानिक गाइड, बीकन (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायला सिग्नल देणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं घेऊन, आणि त्या दिवशी तो भाग उघडा आहे याची खात्री करूनच. फोटो काढणाऱ्यांसाठी यात एक खास गोम आहे. बीकनच्या सिग्नलमध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तू अडथळा आणतात. मोबाइल, कॅमेरा, गरम होणारे हातमोजे, सगळं बीकनपासून किमान २० सेंटिमीटर दूर ठेवायचं, आणि कुणाला शोधायची वेळ आली तर ५० सेंटिमीटर दूर किंवा बंदच. म्हणजे छातीवरचा ॲक्शन कॅमेरा, ज्याची मी वर एवढी तारीफ केली, तो इथे चालत नाही. बीकन छातीवरच असतो.

१०. रात्रीचं काम

कार्ड रोज रिकामं करा, पण फोटो दोन ठिकाणी उतरवल्याशिवाय पुसू नका. वीज जाते, म्हणून हॉटेलवर पोहोचल्या पोहोचल्या सगळ्या बॅटऱ्या चार्जिंगला, पण त्याही आधी अर्धा तास खोलीच्या हवेत येऊ द्या. गोठलेली लिथियम बॅटरी लगेच चार्ज केली की खराब होते.

आणि इन्स्ट्रक्टरचे फोटो त्यांना त्याच रात्री व्हॉट्सॲपवर पाठवा. जन्मभर बर्फात काढलेल्या या माणसांकडे स्वतःचा स्की करतानाचा एक धड फोटो नसतो. आमच्या इन्स्ट्रक्टरनी मी पाठवलेला फोटो लगेच डीपीला लावला आणि दुसऱ्या दिवशी त्याच झाडापाशी स्वतःहून येऊन थांबले, "साब, आज दायें तरफ से लेना."